पाण्याचा लिलाव : जमिनीपासून सुटलेल्या हक्कांचा इतिहास

#थ्रेड

१/
स्पेनच्या आग्नेय भागात, मुर्सिया प्रांतात, मूला नावाचे एक छोटे गाव आहे. मध्ययुगापासून १९६६पर्यंत या गावात शेतीचे पाणी लिलावाने विकले जात असे. दर शुक्रवारी शेतकरी एकत्र येत, बोली लागे आणि सर्वांत चढी बोली बोलणाऱ्याला कालव्याचे तीन तासांचे पाणी मिळे. सुमारे सातशे वर्षे चाललेली ही प्रथा अखेर शेतकऱ्यांनीच मोडली. ती इतकी का टिकली आणि का मोडली, याचा हा मागोवा.

२/
दुष्काळी प्रदेशात पाणी कोणाला द्यावे, या प्रश्नावर आज दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत म्हणते की पाण्याचे हक्क निश्चित करून त्यांची खरेदी-विक्री खुली करावी, म्हणजे पाणी आपोआप अधिक मोलाच्या उपयोगाकडे वळेल. दुसरे मत म्हणते की पाणी ही विकण्याची वस्तूच नव्हे. या वादात दोन वेगळे निर्णय एकच मानले जातात. पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करावा का, हा पहिला. वेगळा केलेला हक्क विकू द्यावा का, हा दुसरा.

३/
हे दोन निर्णय वेगळे असल्याचा पुरावा स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर सापडतो. तेथे पाऊस तुटपुंजा, नद्या छोट्या, आणि पाटांचे जाळे अरब राजवटीत विणलेले. पाटाला स्पॅनिश भाषेत 'असेकिया' म्हणतात. तो शब्द अरबी 'साकिया'वरून आला. पेला भरून देणारा 'साकी' मराठी वाचकाला गझलेमुळे परिचित आहे. त्याचे मूळही तेच, पाणी पाजणे. तेराव्या शतकात ख्रिस्ती राजांनी हा प्रदेश जिंकला तेव्हा पाट तेच राहिले. मात्र पाण्याचा हक्क कोणाच्या नावे लागावा, याचा निर्णय प्रत्येक गावात निराळा झाला.

४/
पहिले उदाहरण व्हॅलेन्सियाचे. आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने १२३८मध्ये हे शहर घेतले आणि पुढच्याच वर्षी तुरिया नदीवरील बहुतेक कालवे तेथील रहिवाशांना बहाल केले. मुस्लिम राजवटीत पाण्याची वाटणी जशी होत असे तशीच ती पुढे चालू ठेवावी, असा त्याचा आदेश होता. तेथे पाणी जमिनीला जोडलेले राहिले. शेत विकले तर पाणी शेताबरोबर जाई. शेत ठेवून नुसते पाणी विकण्याची मुभा कोणालाच नव्हती.

५/
या व्यवस्थेचे रक्षण करणारे 'जल न्यायालय' आजही भरते. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या प्रेषितद्वारासमोर, काळे डगले घातलेले आठ पंच बसतात. ते आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले असतात आणि स्वतः शेतकरीच असतात. चोपदार एकेका कालव्याचे नाव पुकारतो. तक्रार असेल तर सुनावणी तोंडी होते आणि निकाल तेथेच लागतो. आरोपी ज्या कालव्याचा असेल त्याच्या पंचाला निकालात भाग घेता येत नाही. नदीच्या दुसऱ्या काठाचे पंच निर्णय देतात. २००९मध्ये युनेस्कोने या न्यायालयाची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

६/
व्हॅलेन्सियात टंचाईचे उत्तर पैशात शोधले जात नसे. नदीत पाणी पुरेसे असताना शेतकरी आपल्या पाळीला गरजेपुरते पाणी घेई, नासाडी केली तर दंड भरी. टंचाई वाढली की सर्वांच्या पाळ्या आखडत. दुष्काळ तीव्र झाला तर ज्या पिकाला पाण्याची निकड सर्वाधिक त्याला आधी पाणी देण्याचा अधिकार कालव्याच्या कारभाऱ्यांकडे येई. निकड कोणाची मोठी हे ठरवणारी माणसे त्याच पाटावर भिजवणारी होती. त्यामुळे फसवणूक अवघड होती.

७/
दुसरे उदाहरण थोडे दक्षिणेकडचे, अलिकांते. येथे मोनेग्रे नावाची छोटी, लहरी नदी आहे. तुरियाच्या मानाने पाणी फारच थोडे. सगळ्या शेतांना पुरेल इतके पाणी नाही हे उघड असल्याने येथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा झाला होता. एखाद्याकडे शेत असे पण पाणी नसे. एखाद्याकडे पाणी असे पण शेत नसे. ज्याच्याकडे पाणी असे तो ते भाड्याने देई, विके, वारसांना वाटून देई.

८/
१५८० ते १५९४ या काळात, राजा दुसरा फिलिप याच्या कारकिर्दीत, तिबी येथे मोनेग्रेवर दगडी धरण उभे राहिले. चाळीस मीटरहून अधिक उंचीचे हे धरण अनेक पिढ्या युरोपातील सर्वांत उंच धरणांत गणले गेले. धरणामुळे वाढलेल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न आला. तोडगा असा निघाला की निम्मे पाणी पूर्वीच्या हक्कदारांकडे राहील. ते 'जुने पाणी'. उरलेले निम्मे 'नवे पाणी' धरणाचा खर्च उचलणाऱ्या शेतांना कायमचे जोडले जाईल.

९/
अशा रीतीने एकाच कालव्यात दोन प्रकारची पाणी एकत्र वाहू लागली. जुने पाणी जमिनीविना विकता येई. नवे पाणी जमिनीला बांधलेले होते. प्रत्येक आवर्तनाआधी हक्कदार आपल्या वाट्याच्या चिठ्ठ्या घेऊन जात. या चिठ्ठीला 'अल्बाला' म्हणत. तिच्यावर पाण्याचा वेळ लिहिलेला असे, तासापासून मिनिटाच्या अंशापर्यंत. शेत भिजवून झाले की शेतकरी तेवढ्या वेळाच्या चिठ्ठ्या पाटकऱ्याला देई.

१०/
ज्याला चिठ्ठ्या कमी पडत तो बाजाराच्या दिवशी शेजाऱ्याकडून विकत घेई. ज्याच्याकडे उरत तो विकून टाकी. न उचललेल्या वाट्यांचे पाणी संस्था रविवारी जाहीर लिलावाने विके आणि त्या पैशातून कालव्याची दुरुस्ती होई. आर्थर मास आणि रेमंड अँडरसन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची व्हॅलेन्सियाशी तुलना केली. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९०च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात दोन्ही उदाहरणे सामाईक संपत्तीच्या यशस्वी व्यवस्थापनाची म्हणून मांडली.

११/
अलिकांतेचा बाजार टिकला, त्याची कारणे बाजाराबाहेर होती. निम्मे पाणी शेतांना बांधलेले असल्याने कोणताही शेतकरी पूर्णपणे विकत घेण्यावर अवलंबून नव्हता. किमान पाळी प्रत्येक शेताला होती, खरेदी वरच्या गरजेपुरती होती. चिठ्ठ्या छोट्या किमतीच्या असल्याने गरीब शेतकरीही थोडेथोडे घेऊ शके. लिलाव करणारी संस्था पाणी वापरणाऱ्यांचीच होती आणि लिलावाचा पैसा कालव्यात परत येत होता.

१२/
मूला गावात यांपैकी काहीच नव्हते. आसपासच्या प्रदेशाने १२४३मध्ये तह करून कॅस्टिलचे आधिपत्य मान्य केले, मूलाने प्रतिकार केला आणि १२४४मध्ये ते गाव लढाईने पडले. तेथे जमीन आणि पाणी यांची मालकी वेगवेगळ्या हातांत गेली. पाण्याचे मालक हा स्वतंत्र वर्ग तयार झाला, त्यांची स्वतःची संस्था होती. शेतकऱ्यांकडे जमीन होती, झाडे होती, पण पाण्याचा थेंबही हक्काचा नव्हता. शेजारच्या लोर्का शहरातही असेच पाणीमालक होते. तेथील लिलाव १९६१पर्यंत चालला.

१३/
मूलाच्या लिलावातील एककाला 'क्वार्ता' म्हणत. म्हणजे सेकंदाला सुमारे ४० लिटर वाहणारे कालव्याचे पाणी, तीन तास. हिशेबाने ते ४,३२,००० लिटर होते. दिवसाच्या बारा तासांत चार क्वार्ता, रात्रीच्या बारा तासांत चार. आठवड्याला अशा ४० पाळ्या एकामागून एक विकल्या जात. प्रत्येक पाळीची बोली वेगळी. पैसे त्याच दिवशी, रोख. उधारी नाही, हप्ता नाही.

१४/
वरकरणी ही व्यवस्था निर्दोष वाटते. विकत घेतलेले पाणी कोणी वाया घालवत नाही. कोणाला किती हवे हे ठरवायला अधिकारी लागत नाही. भाव उघड असल्याने वशिला चालत नाही. पाऊस पडला की भाव उतरतो, ऊन वाढले की चढतो. मराठीतील 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून, म्हणजे याच इबेरियन द्वीपकल्पातून आला. तो शब्द आपल्याकडे जप्तीची आठवण देतो. मूला गावी मात्र तो शेतीच्या नित्यक्रमाचा भाग होता.

१५/
दोष कोठे होता, हे कळण्यासाठी झाडाचे वेळापत्रक पाहावे लागते. मूलाचे मुख्य पीक जर्दाळू. फळ मेअखेर ते जुलै या काळात उतरते. तोडणीच्या आधीच्या आठवड्यांत फळ भरते आणि तेव्हाच झाडाला पाणी सर्वाधिक लागते. सगळ्या गावाचे पीक एकच, त्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी हवे. साहजिकच लिलावाचा भाव याच आठवड्यांत सर्वांत चढा असे.

१६/
आणि याच आठवड्यांत शेतकऱ्याचा खिसा सर्वांत रिकामा असे. मागच्या वर्षीच्या फळांचा पैसा संपलेला, यंदाचे फळ झाडावरच. ज्या पाण्याने पीक तयार होणार ते पाणी पिकाचे पैसे हाती येण्याआधी रोखीने घ्यायचे. आगाप कर्ज देणारे कोणी नसेल, तर पाण्याचे मोल पुरेपूर ठाऊक असूनही शेतकऱ्याला बोली सोडून द्यावी लागे. बाजार मागणी मोजत नव्हता. त्या शुक्रवारी हातात असलेली रोकड मोजत होता.

१७/
हावियर दोन्ना आणि होसे-अंतोनियो एस्पिन-सांचेझ या अर्थशास्त्रज्ञांनी मूलाच्या लिलावाच्या जुन्या नोंदी तपासल्या. ज्या शेतकऱ्यांची गावात घरे-इमारती होत्या त्यांना सधन मानले आणि इतरांच्या खरेदीशी त्यांची तुलना केली. झाडे तीच, माती तीच. तरी सधन शेतकरी गरजेच्या आठवड्यांत पाणी घेई. गरीब शेतकरी मात्र त्या काळात कमी पाणी घेई. तहान सारखी, बोली वेगळी.

१८/
१९६६मध्ये शेतकऱ्यांच्या संघाने पाणीमालकांकडून पाणी आपल्याकडे घेतले आणि लिलाव बंद केला. त्या जागी कोटा आला. ज्याची जितकी बाग तितका त्याचा पाण्याचा वाटा, ठरलेल्या पाळीने. पैसे वर्षाची पट्टी म्हणून भरायचे. म्हणजे सातशे वर्षांनी मूलाने व्हॅलेन्सियाचा मार्ग धरला आणि पाणी पुन्हा जमिनीला बांधले.

१९/
दोन्ना आणि एस्पिन-सांचेझ यांचा निष्कर्ष पाठ्यपुस्तकाला धक्का देणारा आहे. मूलाच्या परिस्थितीत कोटा केवळ न्याय्य नव्हता, तो लिलावापेक्षा कार्यक्षमही ठरला. लिलावात पाणी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे जाई. कोट्यात ते ठरलेल्या वेळी प्रत्येक झाडाला पोचे. सगळ्यांचे पीक एक आणि गरज जवळपास सारखी असल्याने समान वाटणीत फारसे काही गमवावे लागत नव्हते.

२०/
यावरून 'लिलाव वाईट, कोटा चांगला' असा सरसकट नियम काढणे चुकीचे होईल. मूलाची परिस्थिती विशिष्ट होती. गरजाच वेगवेगळ्या असतील, एकाचे पीक वर्षभर पडीक ठेवता येण्यासारखे आणि दुसऱ्याचे झाड एका उन्हाळ्यात मरणारे असेल, तर हक्काची देवघेव दोघांच्याही उपयोगाची ठरू शकते. याचे मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या मरी-डार्लिंग खोऱ्यात आहे.

२१/
व्हिक्टोरिया वसाहतीने अल्फ्रेड डीकिन यांच्या पुढाकाराने १८८६मध्ये कायदा करून नद्यांचे पाणी राजसत्तेच्या मालकीचे केले. सिंचनाचे परवाने जमिनीला जोडले गेले. पुढची शंभर वर्षे परवाने वाटले जात राहिले आणि नदी आटत गेली. १९९५मध्ये खोऱ्यातील एकूण उपशावर मर्यादा घातली गेली. नवे पाणी मिळणार नाही हे निश्चित झाल्यावर जुन्या हक्कांना किंमत आली. पुढील सुधारणांत हे हक्क टप्प्याटप्प्याने जमिनीपासून सुटे झाले.

२२/
शतक बदलताना आलेल्या दीर्घ दुष्काळात या बाजाराची परीक्षा झाली. भात हे दरवर्षी पेरण्याचे पीक. एक वर्ष पेरले नाही तरी जमीन राहते. द्राक्षवेल आणि बदामाचे झाड मात्र वाळले तर कित्येक वर्षांचे भांडवल जाते. अनेक भातउत्पादकांनी त्या वर्षीचे पाणी फळबागांना विकले. २००७च्या सुमारास दहा लाख लिटरचा हंगामी भाव एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. भाताचे पीक जवळजवळ बुडाले, पण पाणी विकणाऱ्याच्या हाती काही पैसा आला आणि बागा वाचल्या.

२३/
या यशाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. अनेक परवाने वर्षानुवर्षे न वापरता पडून होते. त्यांना तेथे 'झोपलेले' परवाने म्हणत. विक्री खुली होताच हे परवाने जागे झाले. जे पाणी आजवर नदीतच राहत होते त्यालाही गिऱ्हाईक मिळाले. शिवाय एखाद्या कालव्यावरील बऱ्याच शेतकऱ्यांनी हक्क विकले की कालव्याच्या देखभालीचा भार उरलेल्या थोड्यांवर पडे. आणि ज्या मूलनिवासी समाजांना पहिल्या वाटपात काहीच मिळाले नव्हते त्यांच्याकडे आजही खोऱ्याच्या एकूण हक्कांचा एक टक्काही नाही.

२४/
पहिल्या वाटपाचे मोल चिलीमध्ये अधिक ठळकपणे दिसते. तेथे १९६०च्या दशकाअखेरीस जमीन सुधारणांबरोबर पाण्यावर राज्याचे नियंत्रण वाढवले गेले. १९७३च्या लष्करी उठावानंतर दिशा उलटली. पिनोशे राजवटीच्या १९८१च्या जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून पूर्ण वेगळे केले. मागणाऱ्याला हक्क फुकट आणि कायमचा मिळे. पाणी कशासाठी हवे हे सांगण्याची गरज नव्हती, ते वापरण्याचेही बंधन नव्हते. १९८०च्या राज्यघटनेने या हक्काला मालमत्तेचे संरक्षण दिले.

२५/
फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठीही अर्ज करावा लागतो. अर्जाला माहिती, वकील आणि वेळ लागतो. मोठ्या कंपन्यांकडे ते होते, डोंगरातील छोट्या शेतकऱ्यांकडे नव्हते. न वापरता हक्क धरून ठेवण्यावर शुल्क लागू व्हायला २००५ साल उजाडले. पेतोर्का खोऱ्यात टेकड्यांवर ॲव्होकॅडोच्या हिरव्या बागा आणि खाली गावकऱ्यांच्या दारात पाण्याचे टँकर, हे दृश्य जगभर चर्चिले गेले. मराठवाड्यातील वाचकाला त्याचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

२६/
त्याच देशात, त्याच कायद्याखाली, लिमारी खोऱ्यात मात्र पाण्याची खरेदी-विक्री बऱ्यापैकी सुरळीत चालली. तेथे आधीपासून मोठी धरणे होती, मोजून पाणी सोडणाऱ्या दारांची व्यवस्था होती आणि वापरकर्त्यांच्या जुन्या संघटना होत्या. कोणी किती घेतले हे दिसत होते. चिलीने अखेर २०२२मध्ये कायदा बदलला. नवे हक्क आता तीस वर्षांच्या मुदतीचे असतात आणि पिण्याच्या पाण्याला प्राधान्य आहे. तोवर बहुतेक नद्यांचे हक्क कायमचे वाटून झाले होते.

२७/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध आहे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत व्हॅलेन्सियाच्या जवळची. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागलेले, एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे शक्यतो निरनिराळ्या फडांत. त्यामुळे टंचाई आली तर ती सर्वांना सारखी झळ देई. पाणी देण्याचे काम गावाने नेमलेला पाटकरी करी. शेतकऱ्याने आपल्या हाताने दार उघडायचे नाही, हा दंडक होता. पाणी फडाचे होते, ते विकण्याचा प्रश्नच येत नव्हता.

२८/
दुसरा प्रयोग जगाच्या इतिहासात वेगळा उठून दिसतो. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीची उभारणी केली. तिच्या नियमांनुसार पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळत नाही, माणसांच्या प्रमाणात मिळते. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी उचलायचा.

२९/
सर्वांत महत्त्वाचा नियम हा की कोणी जमीन विकली तर पाण्याचा हक्क खरेदीदाराकडे जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. म्हणजे नायगावने मूला, अलिकांते आणि चिलीप्रमाणे पाणी जमिनीपासून वेगळे केले, पण त्याला विक्रीची वस्तू केले नाही. थ्रेडच्या आरंभी मांडलेले दोन निर्णय खरोखर वेगळे आहेत, याचा नायगाव हा पुरावा. पाणी जमिनीपासून सोडवले म्हणजे ते बाजारात न्यावेच लागते असे नाही. भूमिहीनापर्यंतही ते नेता येते.

३०/
२००५मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. राज्य पातळीवरचे असे प्राधिकरण भारतात पहिलेच. पाणी वापराचे हक्क मोजून ठरवावेत आणि त्यांच्या वार्षिक वा हंगामी देवघेवीचे निकष प्राधिकरणाने निश्चित करावेत, अशी तरतूद त्यात आहे. पुढे २०११च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि शहरे यांच्यातील पाणीवाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. ऑस्ट्रेलियासारखा हक्कांचा बाजार राज्यात उभा राहिलेला नाही. पण त्याचा पाया कायद्यात घातलेला आहे.

३१/
असा बाजार कधी उभा राहिला तर इतिहास त्याला तीन प्रश्न विचारायला सांगतो. पैसे कधी भरायचे, पीक येण्याआधी की नंतर? मूला गावचा लिलाव या प्रश्नावर मोडला. प्रत्येकाला विक्रीबाहेरची किमान पाळी आहे का? अलिकांतेचा बाजार तिच्या आधाराने टिकला. आणि पहिल्या दिवशी हक्क कोणाच्या नावे लागले? चिलीला हा प्रश्न चाळीस वर्षांनी परत विचारावा लागला, तोवर उत्तर बदलणे अवघड झाले होते.

३२/
तिसरा प्रश्न महाराष्ट्रात आज विचारता येण्यासारखा आहे, कारण वाटप अजून चालू आहे. कालव्याच्या लाभक्षेत्रात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर ठरतो. ज्याला जमीन नाही त्याला वाटा नाही, आणि ज्याला वाटा नाही त्याच्याकडे विकायलाही काही नाही. नायगावने हे समीकरण पन्नास वर्षांपूर्वी एका छोट्या पाणलोटात बदलून दाखवले. खरेदी-विक्रीचा वाद सुरू होण्याआधी त्या नियमांकडे पुन्हा पाहणे उपयोगाचे ठरेल.

(समाप्त)